समितीतल्या माणसाची बायको

दयानंद फेरीवाला समितीवर निवडून आला आणि दुसऱ्याच दिवशी पांढऱ्या शर्टाचं कापड घेऊन घरी आला. कापड इतकं कडक होतं की चुरगळलं तर कागदासारखं वाजायचं. सिंधूने ते हातात घेऊन पाहिलं, परत दिलं आणि म्हणाली, “हे घालून बादल्या कशा उचलणार तुमी?”

“आता बादल्या उचलायचं वय ऱ्हायलं का माझं?” दयानंद म्हणाला.

वय तेच होतं जे निवडणुकीच्या आदल्या दिवशी होतं. सिंधूला त्या वेळी नवऱ्याची नुसती कीव आली. कीव फार दिवस टिकली नाही. तिच्या जागी दुसरं काहीतरी आलं आणि ते मात्र मुक्कामालाच राहिलं.

तसा माणूस मुळात वाईट नव्हता. लग्न झालं तेव्हा तो कंधारच्या आसपासच्या खेड्यांतून सायकलवर बादल्यांचा मनोरा बांधून हिंडायचा. आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी हाक दिली तर शेवटच्या घरातली बाई हात पुसत बाहेर यायची. पुढे खेड्यात माल उठेना, तेव्हा दोघं लातूरला आली आणि क्लासेसच्या रस्त्यावर ताडपत्री अंथरून बसली. ती जागा सिंधूनेच हेरली होती. उन्हाळा संपता संपता चार जिल्ह्यांतले आईबाप लेकरांना घेऊन इथे उतरायचे. क्लासची फी भरून बधिर झालेली ती माणसं लेकराची पेटी खोलीत ठेवायची आणि मग त्यांच्या लक्षात यायचं, की आंघोळीला बादली नाही, कपडे वाळत घालायला दोरी नाही, दाराला कुलूप नाही. तिथून ती थेट सिंधूकडे यायची.

“डॉक्टर व्हायचंय का इंजिनेर?” सिंधू पोराला विचारायची.

“डॉक्टर.”

“मग निळी घे. मागच्या साली निळी नेलेल्या सगळ्यांचा नंबर लागला.”

बापाच्या तोंडावर हसू यायचं, आणि बादलीसोबत पाण्याचा मग आणि हँगरही जायचे. सिंधूला मनातून या आईबापांचं हसू यायचं. इतके शिकलेसवरलेले, आणि बादलीच्या रंगावर भरवसा ठेवायला तयार! पण त्यांच्यामुळेच लेक शिवांगीचं लग्न झालं, ती इस्लापूरला नांदायला गेली, हेही ती विसरत नव्हती.

खरा तिटकारा तिला होता तो मागच्या दुकानाचा. ते सिद्धलिंग अप्पांचं भांड्यांचं आणि प्लॅस्टिकचं मोठं दुकान. अप्पा कपाळाला भस्म लावून, गळ्यात लिंग घालून सकाळी गल्ल्यावर बसायचे आणि अतिशय मऊ आवाजात बोलायचे. दुकानाच्या पायऱ्या फुटपाथवर उतरल्या होत्या. पायऱ्यांपुढे खुर्च्यांच्या चळती, खुर्च्यांपुढे कूलर, कूलरांपुढे कचऱ्याचे डबे. अप्पांचा फुटपाथवर आलेला माल म्हणजे ‘डिस्प्ले’ आणि सिंधूची ताडपत्री म्हणजे ‘अतिक्रमण’.

“सिंधूबाई, थोडं सरकून घ्या बरं,” अप्पा रोज म्हणायचे. “लोकांना चालायला जागा पाहिजे.”

“कुठं सरकू, अप्पा? तुमच्या कूलरमधी बसू का?”

अप्पा हसायचे. त्यांचं हसणं सिंधूला त्यांच्या रागापेक्षा जास्त घाण वाटायचं.

शेजारी नीलाबाईचा भेळेचा गाडा होता. नीलाबाई वयाने मोठी, नवरा गेलेला, कानाने थोडी कमी, आणि तोंडाने अजिबात कमी नाही. दोघींचं दिवसातून एकदा तरी भांडण व्हायचं आणि दुपारची भाकरी दोघी एकत्रच खायच्या. दयानंदला समितीसाठी उभं करा असं पहिल्यांदा नीलाबाईच म्हणाली होती. कायद्याने आता महापालिकेच्या या समितीत फेरीवाल्यांचीही माणसं घ्यावी लागतात, तर आपला एखादा बोलणारा पाहिजे, असं तिचं म्हणणं. दयानंद बोलायचा. नुसता बोलायचाच, असं सिंधूला वाटायचं, पण चारचौघांत तिने ते बोलून दाखवलं नाही.

पहिल्या बैठकीहून तो आला तो नवे शब्द घेऊनच. झोन. सर्वे. ओळखपत्र. जेवतानाही तो तेच बोलायचा.

“आपला रस्ता कोणत्या झोनमधी बसतो ते बगावं लागंल,” तो म्हणाला.

“आपण रस्त्यावर बसतो. रस्ता कशात बसतो ते मला काय करायचं? च्या-बिस्किट दिले का तिथं?”

“काजू होते.”

“मग झालं की काम,” सिंधू म्हणाली आणि ताट उचललं.

त्यानंतर काही दिवसांनी तो अपघात झाला. संध्याकाळची वेळ, एका क्लासची पोरं सुटलेली आणि दुसऱ्याची आत चाललेली. निलंग्याकडची एक मुलगी छातीशी वह्या धरून फुटपाथवरून येत होती. पुढे वाट नव्हती. एका बाजूला अप्पांच्या खुर्च्या, दुसऱ्या बाजूला सिंधूच्या बादल्या, आणि मधे नीलाबाईच्या गाड्याभोवती भेळ खाणारी गर्दी. मुलगी रस्त्यावर उतरली. मागून भरधाव ऑटो आला आणि तिचा पाय चाकाखाली गेला.

सिंधूने आधी तो आवाज ऐकला आणि मग पाहिलं. ती धावली. नीलाबाई धावली. त्यांच्या आधी पोचलेली माणसं मोबाईल वर धरून उभी होती. “व्हा तिकडं! लग्न लागलंय का इथं?” सिंधू ओरडली. दोघींनी मिळून मुलीला उचललं आणि सिंधूच्या नव्या चटईवर निजवलं. मुलीचं डोकं सिंधूच्या मांडीवर होतं. पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळलेला होता, आणि ती मुलगी एकच म्हणत होती, “माझी उद्या टेस्ट आहे, मावशी. माझी उद्या टेस्ट आहे.” दवाखान्याची गाडी येईस्तोवर सिंधू तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. या पोरीला चार दिवसांपूर्वी आपणच हँगर विकले होते हे तिला तेव्हा आठवलं.

दुसऱ्या दिवशी सिंधूने ताडपत्री निम्मी दुमडून अंथरली. बादल्या एकात एक घालून उभ्या रचल्या. तिला कुणी सांगितलं नव्हतं. अप्पांच्या खुर्च्या होत्या तिथेच होत्या. पेपरात आलं, की फेरीवाल्यांमुळे विद्यार्थिनी गंभीर जखमी. खुर्च्यांचं नाव कुठेच नव्हतं. अप्पांनी तो पेपर काउंटरवर ठेवला आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवला. “काय करावं सांगा,” ते हळहळत म्हणत. “लेकरांच्या जिवावर आलंय.”

पेपरवाले ओरडले तशी महापालिकेची कचेरी हलली. टेप आणि रंगाचा डबा घेऊन वर्षाराणी मॅडम आल्या. वयाने तरण्या, उदगीरकडच्या, डोक्याला स्कार्फ बांधलेला. त्यांनी कुणाशी गोड बोलायचा प्रयत्न केला नाही. आधी फुटपाथ मोजला, मग पायऱ्या मोजल्या, मग कूलरपासून बादलीपर्यंतचं अंतर मोजलं. दयानंद त्यांच्या मागे मागे पांढऱ्या शर्टात फिरत होता आणि न विचारता प्रत्येक विक्रेत्याचं नाव सांगत होता.

“हा सगळा फुटपाथ चालणाऱ्यांसाठी मोकळा राहील,” मॅडम सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “विक्रेते समोरच्या अंगाला बसतील, त्या बंद तेलगिरणीच्या भिंतीला लागून. तिथं पिवळे चौकोन आखून देऊ. चौकोनाच्या बाहेर माल दिसला तर उचलणार. आणि दुकानदारांनो, तुमच्या पायऱ्या आणि हा पसारा आत. नोटीस येईल.”

सिंधूने नीलाबाईकडे पाहिलं. समोरची भिंत! रस्ता तोच, पोरं तीच, फक्त ऊन जास्त. कागद हातात घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या तोंडून तिने पहिल्यांदाच काही कामाचं ऐकलं होतं. तिने अप्पांकडे पाहिलं. अप्पांचं हसू जाग्यावर होतं, पण ते आता नुसतं ओठांवर राहिलं होतं.

त्या आठवड्यापासून दयानंद जेवायला उशिरा येऊ लागला, आणि आला तरी जेवेना. “बाहीर झालं,” म्हणायचा. कुठे झालं ते सांगायचा नाही. सिंधूने विचारलंही नाही. अप्पांच्या पांढऱ्या गाडीतून उतरताना नीलाबाईने त्याला पाहिलं होतं आणि सिंधूला सांगितलं होतं. “समितीचं काम असंल,” सिंधू म्हणाली. आपण त्याची बाजू घेतली याचा तिला दिवसभर राग येत राहिला.

एके दुपारी तो तिला म्हणाला, “चल, एक गोष्ट दाखवायचीय.”

रस्त्याच्या कोपऱ्यावर अप्पांची नवी इमारत उभी राहत होती. तिच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली, एक गाळा होता. शटर लावलेलं, आत फरशी घातलेली. दयानंदने खिशातून किल्ली काढली, शटर वर ढकललं आणि हात पसरून उभा राहिला.

“आपला,” तो म्हणाला.

“आपला म्हंजी?”

“अप्पांनी दिलाय. भाडं नावापुरतं. ऊन न्हाई, धूळ न्हाई, कुनी उठ म्हणणार न्हाई. खुर्ची टाकून बसायचं. बोर्डावर तुझं नाव टाकतो, सिंधू प्लॅस्टिक.”

सिंधूने गाळ्यात पाऊल टाकलं नाही. “अप्पा कुनाला उंबऱ्यावरचं पायपुसणं देत न्हाईत. गाळा कामून दिला?”

“माणूस वळखून असतेत मोठे लोक.”

“कामून दिला, ते सांगा.”

दयानंदने फरशीवरची धूळ बुटाने सारखी केली. “समोरच्या भिंतीचं काय खरं न्हाई. गिरणीचा मालक उद्या उठवील. मनून सगळ्यांला मैदान द्यायचं ठरलंय, पाण्याच्या टाकीमागचं. मोठी जागा हाय. समितीनं इचारलं, विक्रेत्यांची हरकत हाय का? मी म्हणलो, न्हाई.”

पाण्याच्या टाकीमागचं मैदान सिंधूला माहीत होतं. तिथे बकऱ्या चरायच्या आणि नवीन स्कूटी शिकणाऱ्या बाया गोल गोल फिरायच्या. क्लासची एक पोरगी तिकडे वाट चुकूनही गेली नसती. सगळं गिऱ्हाईक अप्पांच्याच दुकानात शिरलं असतं.

“कुनाला इचारून म्हणलाव?”

“मला निवडून दिलंय लोकांनी. दर येळंला इचारीत बसू का?”

“आन नीलाबाई? ती मैदानात बकऱ्यांला भेळ चारंल का?”

“सगळ्यांचं भलं कुनाला करता आलंय, सिंधू? आपलं तर झालं ना.” हे तो अगदी मनापासून बोलला. बायको खूश होईल, असंच त्याला वाटत होतं. तेच तिला सहन झालं नाही.

माल घेताना सिंधूला बादली नुसती हातात धरली तरी कळायचं, की ही वितळवून पुन्हा ओतलेली आहे. वरून रंग झगझगीत आणि आतून सगळा कचरा. एकदा पाणी भरलं की कडी निघणार. तसं तिला आपल्या नवऱ्याबद्दल कळलं. राग येईल असं वाटलं होतं, राग आला नाही. हा माल आपण इतकी वर्षं घरात ठेवला, एवढंच मनात आलं.

“तुमी बसा इथं खुर्ची टाकून,” ती म्हणाली. “मी न्हाई.”

“डोकं फिरलंय का तुझं? लोक गाळ्यासाठी जीव टाकतेत.”

“टाकू द्या. तुमी तर लई स्वस्तात गेलाव.”

ती एकटीच परत आली आणि ताडपत्रीवर बसली. दुपारची भाकरी तिने फडक्यातून सोडलीच नाही. नीलाबाईने दोनदा विचारलं काय झालं, तिने दोनदा सांगितलं, डोकं दुखतंय.

मैदानाची गोष्ट फुटायला वेळ लागला नाही. दयानंदनेच महादेवाच्या देवळाच्या सभामंडपात सगळ्या विक्रेत्यांची बैठक बोलावली. चटया अंथरल्या, चहा सांगितला. माणसं आली, बाया आल्या. चपला-बेल्टवाले, सॉक्सवाले, रसवंतीवाला, चार्जर विकणारे. दयानंद उभा राहिला. बोलायला लागला आणि सिंधूला मानावं लागलं, की बोलतो चांगलं. मैदान कसं आता ओसाड दिसतं पण उद्या तिथं बाजार फुलेल. पाणी मिळेल, दिवे मिळतील, गाडी लावायला जागा. आज रस्त्यावर कुत्र्यासारखं हुसकावतात, तिथं मालकासारखं बसाल. लोक माना हलवत होते. चार्जरवाल्यांपैकी एकाने टाळीसुद्धा वाजवली. काय ही माणसं, सिंधूच्या मनात आलं. दिवसभर गिऱ्हाइकाला फशी पाडतात आणि यांना कुणी फशी पाडायला लागलं की टाळ्या वाजवतात.

नीलाबाईने कानामागे हात धरून सगळं ऐकून घेतलं. मग ती बसल्या जागेवरून म्हणाली, “दयानंदा, मैदान एवढं सोन्यासारखं हाय, तर सिंधू कुठं बसणार तिथं? तिच्या शेजारीच दे मला जागा. मला तिच्याबिगर करमत न्हाई.”

सभामंडपात हसू पिकलं. दयानंदही हसला. “देऊ की, देऊ की,” तो म्हणाला.

“मी मैदानात न्हाई बसणार,” सिंधू म्हणाली.

ती उभी राहिली नव्हती. आवाजही चढवला नव्हता. पण शेजारच्या बाया तिच्याकडे वळल्या, आणि मग त्यांच्या मागचे वळले.

“मला अप्पांनी गाळा दिलाय. कोपऱ्यावरच्या नव्या बिल्डिंगीत, जिन्याखाली. ह्यांनी तुमच्या सगळ्यांच्या वतीनं मैदानाला हो म्हणलं, त्याच्यापायी दिलाय. किल्ली ह्यांच्या खिशात हाय. बघा पायजे तर.”

कुणी किल्ली बघायला उठलं नाही. दयानंदचा हात मात्र आपोआप खिशाकडे गेला, आणि तो हात सगळ्यांनी पाहिला. मग जो गलका झाला त्यात कोण काय बोललं ते वेगळं काढता येत नव्हतं. रसवंतीवाल्याने दयानंदच्या आईवरून शिवी दिली. कुणीतरी चहाचा कप फेकला, तो भिंतीवर फुटला. दयानंद सिंधूकडे बघत राहिला. त्याच्या नजरेत राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. घरातली बादली उठून बोलायला लागावी तसं.

सिंधू चप्पल घालून बाहेर पडली. पाठीमागून सॉक्सवाला धापा टाकत आला. तिला वाटलं, काहीतरी बरं बोलेल.

“वहिनी,” तो आवाज खाली आणून म्हणाला, “त्या बिल्डिंगीत अजून एखादा गाळा रिकामा हाय का हो?”

सिंधूने त्याच्याकडे पाहिलं आणि चालायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी सॉक्सवाला, दोन चार्जरवाले आणि ज्याने आईवरून शिवी दिली होती तो रसवंतीवाला, असे सगळे अप्पांच्या काउंटरसमोर हात बांधून उभे होते. अप्पा त्यांच्याशी अतिशय मऊ आवाजात बोलत होते.

संध्याकाळी शिवांगीचा फोन आला. बापाने तिला आधीच सगळं सांगितलं होतं. “आई, बाबांना घरात काय बोलायचं ते बोलायचं की. चारचौघांत कशाला? इथं माझ्या सासरीसुद्धा कळलंय,” ती रडत होती.

“घरात बोलले. त्यांना ऐकू आलं न्हाई,” सिंधू म्हणाली. लेकीने फोन ठेवून दिला. पुढे कितीतरी दिवस तिचा फोन आला नाही. हे सिंधूला लागलं. बाकी कुणाचं लागलं नव्हतं तेवढं.

नीलाबाईला घेऊन सिंधू मॅडमकडे गेली. मॅडम फाईलमधून डोकं वर न काढता म्हणाल्या, “तुमच्याच प्रतिनिधीने समितीत संमती दिलीय. आता मी काय करू?”

“तो प्रतिनिधी माझा नवरा हाय,” सिंधू म्हणाली. “त्याच्यावर मी भरवसा ठिवीत न्हाई, तुमी कशाला ठिवता?”

मॅडमनी पेन खाली ठेवला. मग म्हणाल्या, की हरकती लेखी घेते, पण ठराव झालेला आहे, आत्ता थांबवता येणार नाही. त्यांनी ते लपवून सांगितलं नाही, एवढंच सिंधूला बरं वाटलं. हरकतीवर सह्या करायला रस्त्यावरचे निम्मेसुद्धा आले नाहीत. काहींना भीती होती. काहींना अजून अप्पांकडून आशा होती. सिंधू कुणाच्या मागे लागली नाही. ज्याला स्वतःची जागा मागायला लाज वाटते त्याला कशाला उचलून धरायचं, असं तिला वाटलं.

फुटपाथ मोकळा झाला आणि सगळे मैदानात गेले. तिथे जे झालं ते बघायला खरं तर दयानंद यायला हवा होता. दिवसभर गिऱ्हाईक फिरकायचं नाही. चहावाला नीलाबाईकडून भेळ घ्यायचा, नीलाबाई चपलावाल्याकडून चप्पल बघायची आणि न घेता ठेवायची, चपलावाला सिंधूला बादलीचा भाव विचारून वेळ काढायचा. बकऱ्या भेळेच्या कागदांवर ताव मारायच्या. “तुझ्या नवऱ्यानं वसवलेलं शहर बग,” नीलाबाई म्हणायची आणि सिंधू पहिल्यांदाच तिच्याशी भांडायची नाही.

क्लासच्या रस्त्यावर मात्र वेगळंच चाललं होतं. विक्रेते उठले तशा अप्पांच्या खुर्च्या मोकळ्या जागेत उतरल्या. शेजारच्या दुकानदाराने गाद्या बाहेर मांडल्या. त्याच्या पलीकडच्याने मोटारसायकली लावायला दोर बांधला. फुटपाथ पुन्हा काठोकाठ भरला, आणि पोरं पुन्हा रस्त्यावरून चालायला लागली. मॅडम एका दुपारी पाहणीला आल्या. त्यांनी दोन मुलींना खुर्च्यांच्या चळतीला वळसा घालून ऑटोसमोर उतरताना डोळ्यांनी पाहिलं. त्या अप्पांशी एक शब्द बोलल्या नाहीत. तिथेच उभ्या राहून त्यांनी ट्रक मागवला.

सिंधू आणि नीलाबाई बातमी ऐकून मैदानातून चालत आल्या तेव्हा माणसं कूलर उचलून ट्रकमध्ये टाकत होती. मग पायऱ्या फोडायला सुरुवात झाली. अप्पा फुटपाथवर उभे राहून फोन करत होते, आणि त्यांच्या कपाळावरचं भस्म घामाने ओघळलं होतं. त्यांचा आवाज आता मऊ नव्हता. ते मॅडमना ओरडून म्हणत होते, की आम्ही टॅक्स भरतो, आम्ही व्यापारी आहोत, आम्ही काय हे हातगाडीवाले आहोत का?

“न्हाई हो अप्पा,” सिंधू गर्दीतून म्हणाली. “हातगाडी ढकलली की हलती तरी.”

लोक हसले. मॅडमही वळून बघता बघता हसल्या असाव्यात, पण त्यांनी लगेच तोंड फिरवलं.

पुढच्या बैठकीत मॅडमनी त्या लेखी हरकती पुढे ठेवल्या आणि पहिला बेत परत आला. गिरणीच्या भिंतीला लागून पिवळे चौकोन आखले गेले आणि सगळ्यांच्या देखत चिठ्ठ्या काढून वाटले गेले. सिंधूला अगदी टोकाचा चौकोन आला. भर उन्हातला, एसटी डेपोच्या बाजूचा. तिने छत्री रोवली आणि बादल्या रचल्या. चौकोन लहान होता. माल उंच रचावा लागला, आणि गिऱ्हाइकाने खालची बादली मागितली की सगळा ढीग उतरवायला लागायचा. मॅडमची माणसं रोज येऊन रेषा बघायची. सिंधू त्यांना शिव्या द्यायची आणि हँगरांचा गठ्ठा पायाने आत ओढायची.

समितीतून दयानंदला राजीनामा द्यायला लागला. पायऱ्या फुटल्यावर अप्पांनी त्याला ओळख दाखवणं बंद केलं. एक दिवस तो गाळ्यावर गेला तर तिथे मोबाईलच्या कव्हरांच्या दुकानाचा बोर्ड लागलेला आणि शटरच्या कुलपाला त्याची किल्ली लागत नव्हती. हे त्याने घरी येऊन सांगितलं. सिंधूने ऐकून घेतलं आणि त्याला ताट वाढलं. जेवायला वाढणं तिने कधी बंद केलं नव्हतं. बोलणं मात्र कामापुरतं उरलं होतं.

“मी येतो चौकोनावर,” तो म्हणाला. “एकटीचं हाल होतेत तुझे.”

“या.”

तो आला. पण येताना घरून खुर्ची घेऊन आला. चौकोनाची अर्धी जागा त्या खुर्चीने खाल्ली. सिंधू खाली ताडपत्रीवर आणि हा वर, पायावर पाय टाकून. गिऱ्हाईक आलं की तो त्याला फेरीवाल्यांच्या कायद्याबद्दल सांगायचा, समितीत आपण काय काय मांडलं होतं ते सांगायचा. परभणीचा एक बाप पोराचा हात धरून बादली बघत होता. त्याला वाटलं हा वसुलीवाला असावा. तो हळूच पुढच्या चौकोनाकडे सरकला. सिंधूने ते पाहिलं आणि काढलेली बादली परत ढिगावर ठेवली. काही दिवसांनी दयानंद आपण होऊन यायचा बंद झाला.

मग तो नांदेडला गेला. तिकडे कुणा पुढाऱ्याच्या ऑफिसात लोकांची कामं करून द्यायची नोकरी लागली म्हणाला. जाताना दारात थोडा वेळ थांबला. सिंधू पीठ चाळत होती. “जपून ऱ्हा,” तो म्हणाला. “तुमी बी,” ती म्हणाली, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

घर एकदम गप्प झालं. हे तिला अपेक्षित नव्हतं. माणसाबद्दल मनात काही उरलेलं नसलं तरी त्याच्या खोकण्याची सवय उरते, हे तिने नीलाबाईलाही सांगितलं नाही. नीलाबाईने ऐकलंही नसतं.

नव्या वर्षाची पोरं यायला लागली त्या दिवसांत त्याचा फोन आला. दुपार होती. मागे गाड्यांचा आवाज येत होता आणि तो मोठ्याने बोलत होता, तोच जुना, गल्लीभर पोचणारा आवाज.

“सिंधू, इकडं ये नांदेडला. स्टँडच्या बाजूला फुटपाथवर मोक्याची जागा मिळवून देतो तुला. माझी वळख झालीय इथं सगळ्यांशी. साहेबांनी शब्द दिलाय.”

“कुनाला उठवून देताव?”

“तू ना, एक बी गोष्ट सरळ घेत न्हाईस.”

“तुमच्या शब्दावर मी चौकोनाच्या बाहीर पाण्याचा मगसुद्धा ठिवणार न्हाई,” ती म्हणाली. “जेवलाव का?”

“हाव. तू?”

“ठिवते. गिऱ्हाईक हाय.”

गिऱ्हाईक नव्हतं. रस्ता त्या वेळी रिकामाच होता. पोरं क्लासमध्ये, आईबाप खानावळीत. ती थोडा वेळ फोन हातात धरून बसली. मग नीलाबाईने पलीकडच्या चौकोनातून भाकरीचं फडकं दाखवलं आणि ओरडली, “येतीस का न्हाई? का आता तुला बी काजू लागतेत?”

सिंधू उठली, बादल्यांवर ताडपत्री ओढली आणि तिच्याकडे गेली. चटणी खारट झाली होती. सिंधूने तसं सांगितलं. नीलाबाई म्हणाली, मग खाऊ नको. तेवढ्यावरून दोघींचं जे भांडण जुंपलं ते क्लास सुटून पोरं बाहेर येईस्तोवर चालू राहिलं.